बुद्धीची मोजपट्टी आणि सरावाचा इतिहास

'रीझनिंग डोक्यातच असावे लागते, ते शिकवून येत नाही' हे वाक्य स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांतून आज सर्रास ऐकू येते. पुण्याच्या सदाशिव पेठेत ऐकू येते, तसे तालुक्याच्या गावी समाजमंदिराच्या एका खोलीत चालणाऱ्या अभ्यासिकेतही ऐकू येते. आमची मुले हे वाक्य दुसऱ्याविषयी नव्हे, तर स्वतःविषयी बोलतात, ही गोष्ट अधिक गंभीर आहे. ह्या मुलांना इतिहासाच्या सनावळ्या येतात, राज्यघटनेची कलमे तोंडपाठ असतात. परंतु गोल टेबलाभोवती बसलेल्या आठ माणसांचे कोडे समोर आले की पेन्सिल थांबते. पेन्सिल थांबली म्हणजे आपली बुद्धीच कमी, असा निष्कर्ष मुलगा काढतो. तर्काच्या परीक्षेत काढलेला हा निष्कर्ष स्वतःच तर्कदुष्ट आहे. पण तो त्या मुलाने शोधलेला नाही. तो त्याच्यापर्यंत पिढ्यान्‌पिढ्या आणून पोचवलेला आहे. कोणी, केव्हा आणि कशासाठी पोचवला, त्याची कागदपत्रे उपलब्ध आहेत. ती एकदा आपण आपल्या बाजूने वाचली पाहिजेत.

हिंदुस्थानातील स्पर्धा परीक्षेची सुरुवात १८५३ च्या सनदी कायद्याने झाली. त्यापूर्वी कंपनीचे संचालक आपल्या नात्यागोत्यातील तरुणांना नेमणुका वाटत. १८५४ साली मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील समितीने अहवाल दिला आणि १८५५ पासून लंडनमध्ये खुली परीक्षा सुरू झाली. वशिल्याच्या जागी परीक्षा आली, हे निःसंशय पुढचे पाऊल होते. परंतु परीक्षा कशाची? ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये जे शिकवले जाई त्याची. लॅटिन, ग्रीक, गणित ह्यांची. ज्याने आपल्या वर्गात ह्या विषयांत बाजी मारली तो पुढे कोणत्याही कामात इतरांपेक्षा सरस ठरेल, हे त्या अहवालामागचे गृहीतक होते. म्हणजे एका वर्गाला आधीच मिळालेले शिक्षण हीच लायकीची व्याख्या ठरली. १८६३ साली सत्येंद्रनाथ टागोर ही परीक्षा उत्तीर्ण होणारे पहिले हिंदी गृहस्थ झाले. परीक्षा हिंदुस्थानातही घ्यावी ह्यासाठी पुढे कित्येक दशके चळवळ झाली आणि १९२२ पासून ती अलाहाबादलाही होऊ लागली. ह्या चळवळीत 'हिंदी' म्हणून जो बोलत होता तो कोण होता, हे महात्मा फुल्यांनी १८८२ मध्येच हंटर आयोगापुढे सांगून ठेवले होते. सरकारचा महसूल शूद्रातिशूद्रांच्या घामातून येतो, तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर आणि सरकारी कचेऱ्या एकाच जातीच्या हाती जातात, असे त्यांचे म्हणणे होते. परीक्षा खुली असणे आणि परीक्षेपर्यंतची वाट खुली असणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे भान जोतीरावांना होते, ते आजच्या अनेक 'गुणवत्तावाद्यां'ना नाही.

तरीसुद्धा एकोणिसाव्या शतकातील ह्या परीक्षेचा दावा तसा मर्यादित होता. तुम्हाला ग्रीक येत नाही, एवढेच ती सांगत होती. तुमच्या मेंदूतच काही कमी आहे, असे ती म्हणत नव्हती. ते विसाव्या शतकाने म्हटले.

ह्याची सुरुवात मात्र चांगल्या हेतूने झाली. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने ह्या मानसशास्त्रज्ञाने सीमोन ह्या सहकाऱ्याबरोबर १९०५ साली एक चाचणी तयार केली. शाळेत मागे पडणारी मुले ओळखावी आणि त्यांना वेगळे साहाय्य द्यावे, हा तिचा उद्देश होता. बुद्धी म्हणजे जन्माने ठरलेले एक न बदलणारे परिमाण आहे, हे मत बिनेला मान्य नव्हते. १९०९ च्या आपल्या पुस्तकात त्याने त्याचा कडक निषेध केला आणि अशा मुलांसाठी मनाच्या व्यायामाची योजना सुचवली. लक्ष देणे, आठवणे, तुलना करणे ह्यांचा रोज थोडा थोडा सराव, अशी ती योजना होती. १९११ साली बिने वारला. त्याची चाचणी अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेली आणि तिथे तिचा अर्थ उलटा झाला.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील लुइस टर्मन ह्याने १९१६ साली तिची सुधारित आवृत्ती काढली. काळे, मेक्सिकन आणि मूळ अमेरिकन ह्यांच्यात आढळणारे बुद्धिमांद्य वांशिक असावे, असे त्याने त्याच पुस्तकात लिहून टाकले. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा यर्कीझ ह्याच्या नेतृत्वाखाली सुमारे १७ लाख सैनिकांची बुद्धी मोजण्यात आली. साक्षरांसाठी 'आल्फा' आणि निरक्षरांसाठी 'बीटा', अशा दोन चाचण्या होत्या. आल्फा चाचणीत एक प्रश्न असा होता की क्रिस्टी मॅथ्यूसन हा लेखक, चित्रकार, बेसबॉलपटू की विनोदी नट? नुकताच इटलीहून आलेला मजूर ह्याचे उत्तर चुकला, तर तो मंदबुद्धी ठरत होता! ह्या आकड्यांवर कार्ल ब्रिगमने १९२३ साली पुस्तक लिहिले आणि उत्तर युरोपातील गोऱ्यांना शिखरावर, काळ्यांना तळाशी बसवले. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेत स्थलांतरितांवर कडक निर्बंध घालणारा कायदा झाला. हाच ब्रिगम पुढे महाविद्यालयीन प्रवेशासाठीच्या 'सॅट' ह्या परीक्षेचा कर्ता झाला. ती प्रथम १९२६ साली घेतली गेली. आज जगभर ज्या बहुपर्यायी क्षमता चाचण्या चालतात त्यांच्या वंशावळीत हे नाव बरेच वर आहे.

उतरंड आधी असते आणि तिला शास्त्राचा आधार नंतर शोधला जातो, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. आपल्याकडे ते काम स्मृतींनी केले. तिकडे ते आकडेमोडीने केले.

परंतु आकड्यांची एक अडचण असते. ते दुसऱ्यालाही वाचता येतात. होरेस मॅन बाँड हा काळा तरुण १९२४ साली विशीच्याही आत होता. त्याने सैन्याचे तेच आकडे राज्यवार मांडले आणि दाखवले की इलिनॉय, न्यूयॉर्क, ओहायो अशा उत्तरेकडील राज्यांतील काळ्यांचे गुण मिसिसिपी, आर्कान्सा अशा दक्षिणेकडील राज्यांतील गोऱ्यांपेक्षा अधिक आहेत. वंशाने बुद्धी ठरत असेल तर हे कसे? शाळा, शाळेवरचा खर्च आणि शाळेत घालवलेली वर्षे हेच त्याचे उत्तर होते. खुद्द ब्रिगमने १९३० साली आपला निष्कर्ष निराधार असल्याचे छापून कबूल केले. मात्र त्याच्या मूळ पुस्तकाचा जेवढा बोभाटा झाला होता तेवढा ह्या कबुलीचा झाला नाही. कबुल्यांचे सगळीकडे असेच होते.

येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ ह्या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. 'मानसिक चाचणी' हा शब्दप्रयोग १८९० साली रूढ करणारा जेम्स कॅटेल आणि मापनाचा मोठा पुरस्कर्ता थॉर्नडाइक हे दोघेही त्या वेळी त्याच विद्यापीठात अध्यापक होते. बाबासाहेबांनी गुरू मानले ते मात्र जॉन ड्यूईंना. ड्यूईंच्या १९१० च्या पुस्तकात विचार ही लावून घेण्याची सवय आहे. अडचणीपाशी माणूस थांबतो, शंका घेतो, अंदाज बांधतो आणि ते तपासतो, असे विवेचन आहे. एकाच आवारात बुद्धी मोजणारेही होते आणि विचार करायला शिकवणारेही होते. आमच्या मुक्तिदात्याने त्यांतला कोण निवडला, हे आमच्या अभ्यासिकांच्या भिंतीवर लिहिलेले असावे.

मराठी मुलखात ही मोजपट्टी लवकर आली. धारवाडच्या व्ही. व्ही. कामत ह्यांनी टर्मनच्या चाचणीचे कन्नड आणि मराठी मुलांसाठी रूपांतर केले. त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झाले आणि 'बिने-कामत चाचणी' ह्या नावाने ती चाचणी पुढे अनेक दशके वापरली गेली. शाळांतून 'बुद्धिमत्ता चाचणी' हा शब्द रुळला तो शिष्यवृत्ती परीक्षांमुळे. माझ्या पिढीतल्या कितीतरी मुलांनी चौथीत असताना तो पहिल्यांदा ऐकला. वर्गातली दोन-चार 'हुशार' मुले वेगळी काढायची, शाळा सुटल्यावर त्यांचा जादा तास घ्यायचा आणि मग तीच उत्तीर्ण झाली म्हणून तीच हुशार, असे म्हणायचे. वर्तुळ पूर्ण झाले. उरलेल्यांना जादा तास नव्हता, हे कुठे लिहिले जात नाही.

नोकऱ्यांच्या बाजूने पाहिले तर चित्र वेगळे आणि अधिक गुंतागुंतीचे आहे. बाबासाहेबांनी २९ ऑक्टोबर १९४२ रोजी व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात अस्पृश्यांच्या सरकारी नोकऱ्यांतील स्थानाचा प्रश्न मांडला आणि १९४३ साली केंद्रीय नोकऱ्यांत ८ १/३ टक्के जागा राखीव झाल्या. त्या १९४६ मध्ये साडेबारा टक्के आणि १९७० मध्ये १५ टक्के झाल्या. १९६९ साली १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, शाखा खेडोपाडी गेल्या, कारकून हजारोंनी लागू लागले. ह्या भरतीसाठी १९७५ साली बँक व्यवस्थापन संस्थेत निवडसेवा विभाग सुरू झाला आणि १९८४ मध्ये त्यातूनच मुंबईत बँकिंग कार्मिक निवड संस्था, म्हणजे आजची आयबीपीएस, उभी राहिली. कर्मचारी निवड आयोगही १९७५ चाच. 'जनरल इंटेलिजन्स अँड रीझनिंग' हा विषय ह्या संस्थांनी घराघरांत पोचवला.

हे सगळे आमच्याविरुद्धचे कारस्थान होते, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे सोपे आहे आणि खोटे आहे. उत्तरपत्रिकेवर आडनाव नसते. गोल काळा करणाऱ्या पेन्सिलीला जात नसते. मुलाखतीच्या टेबलापलीकडून 'मूळ गाव कोणते?' असा साळसूद प्रश्न विचारून जे काढून घेतले जाते ते ह्या परीक्षेला काढता येत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल ह्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांकडे समान पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले होते. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांश भरली. ज्याने हे भोगले आहे त्याला निनावी परीक्षेची किंमत कळते. अमेरिकेतील उदाहरण ह्याच जातीचे आहे. स्टॅन्ली कॅप्लन हा ब्रुकलिनमधील ज्यू तरुण. वैद्यकीय महाविद्यालयांनी त्याला प्रवेश नाकारला. आपण ज्यू असल्यामुळेच नाकारला, असे त्याचे म्हणणे होते. त्याने घरी शिकवण्या सुरू केल्या आणि १९४६ पासून तो 'सॅट'ची तयारी करून घेऊ लागला. ही परीक्षा जन्मजात क्षमता मोजते, तिची तयारी करता येत नाही, असे परीक्षा घेणारे सांगत होते. कॅप्लनची मुले तयारी करून गुण वाढवून दाखवत होती. शेवटी नव्वदच्या दशकात परीक्षेच्या नावातून 'क्षमता' हा शब्दच काढून टाकण्यात आला. मोठमोठ्या विद्वानांच्या टीकेने जे झाले नाही ते शिकवणीवाल्याच्या वहीने केले!

जेम्स फ्लिन ह्यांनी १९८७ साली १४ देशांतील आकडे एकत्र करून दाखवले की एका पिढीत बुद्धिगुणांकाची सरासरी लक्षणीय वाढली आहे. आणि सर्वांत जास्त वाढ रेव्हनच्या आकृतींच्या चाचणीत आहे. ही १९३८ ची चाचणी. तीत शब्द नाहीत, पाठांतर नाही, म्हणून ती संस्कृतिनिरपेक्ष, 'शुद्ध' बुद्धीची मानली जाई. आपल्या परीक्षांतले 'पुढील आकृती कोणती?' हे प्रश्न तिचेच वंशज. तीस वर्षांत माणसाचे रक्त बदलत नाही. बदलले ते शाळा, छापील कागद आणि चित्रे वाचण्याची सवय.

आता आजच्या परीक्षेकडे या. बँक अधिकाऱ्यांच्या पूर्वपरीक्षेत अलीकडच्या वर्षांत तर्कक्षमतेचे ३५ प्रश्न असतात आणि त्यांना २० मिनिटे असतात. म्हणजे एका प्रश्नाला साधारण ३४ सेकंद. ३४ सेकंदांत कोणी विचार करत नाही. इतक्या वेळात माणूस ओळखतो. ज्याने बैठक व्यवस्थेची पाचशे कोडी आधी सोडवली आहेत तो पाचशे एकावे कोडे पाहताच त्याचा साचा ओळखतो, कोणत्या अटीपासून सुरुवात करायची ते त्याच्या हाताला ठाऊक असते. सांकेतिक भाषेच्या प्रश्नासाठी इंग्रजी अक्षरांचे क्रमांक लागतात. 'ई, जे, ओ, टी, वाय' म्हणजे ५, १०, १५, २०, २५ हा मंत्र ज्याने पाठ केला आहे तो बोटे मोजत बसत नाही. हे सर्व शिकण्याजोगे आहे, सहा-आठ महिन्यांचे काम आहे. परंतु सहा-आठ महिने रोज चार तास म्हणजे काय, हे एमआयडीसीत बारा तासांची पाळी करणाऱ्या मुलाला विचारा. घरात एकच खोली, तीत टीव्ही आणि आजारी म्हातारी. त्या घरातल्या मुलीला विचारा. ही परीक्षा मोजते तो मोकळा वेळ, आणि मोकळा वेळ ह्या देशात नेहमीच जातीने वाटला गेला आहे.

ज्या काळात जागा भरपूर होत्या त्या काळात कोडी सोपी होती. जागा आटत गेल्या तशी कोडी लांबत गेली. आठ माणसांच्या जागी दोन रांगांत बारा माणसे आली; प्रत्येकाचे शहर वेगळे, व्यवसाय वेगळा, आवडता रंग वेगळा. बँकेच्या कामाला हे कौशल्य वाढीव प्रमाणात लागू लागले, असे काही घडलेले नाही. चाळणीची भोके लहान करावी लागली, एवढेच.

केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०११ साली पूर्वपरीक्षेत 'सीसॅट' आणली. ८० प्रश्न, २०० गुण. गुण अंतिम चाळणीत धरले जात, त्यामुळे अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन शाखेच्या इंग्रजी माध्यमातील उमेदवारांना मोकळे रान मिळाले, अशी तक्रार सुरू झाली. २०१४ च्या उन्हाळ्यात दिल्लीच्या मुखर्जीनगरात भारतीय भाषांतील विद्यार्थी रस्त्यावर आले. प्रश्नांच्या हिंदी भाषांतरात कारखान्याच्या 'प्लांट'चे रोपटे झाल्याचे उदाहरण तेव्हा गाजले. २०१५ पासून ही प्रश्नपत्रिका केवळ ३३ टक्के मिळवण्यापुरती उरली. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने ती २०१३ साली स्वीकारली आणि केवळ पात्रतेपुरती केली ती २०२३ च्या परीक्षेपासून. मधली दहा वर्षे कला शाखेच्या ग्रामीण मुलामुलींची गेली. एका पिढीचे वय गेले. त्यांच्यात कमी काय होते? २०१५ मध्ये दिल्लीला जे कळले ते मुंबईला कळायला एवढी वर्षे का लागावीत?

भाषांतराचा मुद्दा निघाला म्हणून सांगतो. नातेसंबंधांचे प्रश्न इंग्रजीत बनतात. 'अंकल' म्हणजे काका, मामा, मावशीचा नवरा की आत्याचा, हे इंग्रजीत झाकलेले राहते आणि त्या झाकण्यावरच कोडे उभे असते. मराठीत ते उघडे पडते. शिवाय कोड्यातले कुटुंब शहरी आहे. तिथे एका माणसाशी एकच नाते असते. आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होते, तेव्हा मामा तोच सासरा. वर्गात एका मुलीने अशा प्रश्नाला दोन उत्तरे काढली आणि दोन्ही तर्काला धरून होती. उत्तरतालिकेत एकच होते.

तर्क आमच्या रक्तात नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी गावगाड्याचा इतिहास वाचावा. शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष निर्णायक मानली जाई. चोरीनंतर पावलांचा माग काढत शेजारच्या गावच्या हद्दीपर्यंत जाणे हे गावकामगार जातींचे काम होते. ओल्या मातीतला ठसा, मोडलेली काडी, थांबल्याची खूण ह्यांवरून कोण गेला, केव्हा गेला, डोक्यावर ओझे होते काय, हे सांगणे ह्यालाच अनुमान म्हणतात. पोथीतला पंडित डोंगरावरच्या धुरावरून अग्नीचे अनुमान शेकडो वर्षे करत राहिला. आमचा माणूस रोज नवे अनुमान करत होता आणि ते चुकले तर मार खात होता. तमाशाच्या फडातले सवालजवाब, कलगी-तुऱ्यातली भेदिके ही रात्रभर चालणारी कोडीच होत. समोरच्या शाहिराने घातलेले कूट उलगडल्याशिवाय फड सुटत नसे. ह्या बुद्धीला गुण देणारा आयोग नव्हता.

उलट, तर्क करणे हाच गुन्हा ठरवणारा कायदा होता. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे की हेतुशास्त्राच्या आधारे श्रुतिस्मृतींचा अवमान करणाऱ्या द्विजालाही बहिष्कृत करावे. द्विजाची ही गत, तर इतरांचा प्रश्नच नव्हता. १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त बाबासाहेबांनी नेमके ह्यावर बोट ठेवले: हिंदूला आपल्या विवेकबुद्धीने जात तपासून पाहण्याची मोकळीकच ठेवलेली नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली तेव्हा तर्कावरची ही बंदीही जाळली गेली, असे मी मानतो. ह्या भूमीत तर्काची दुसरी परंपरा होती आणि ती बौद्धांची होती. दिङ्नागाने हेतूची लक्षणे ठरवून दिली. सातव्या शतकातील धर्मकीर्तीने 'प्रमाणवार्तिक' रचले. त्याच्या पहिल्या प्रकरणावरील स्वतःच्याच वृत्तीच्या अखेरीस त्याने जड बुद्धीच्या पाच खुणा सांगितल्या आहेत आणि जातीचा अभिमान ही त्यांतली एक आहे. बुद्धिमत्तेची अशी कसोटी टर्मनला सुचली नाही! हा ग्रंथ संस्कृतात आपल्याकडे उरला नव्हता. राहुल सांकृत्यायन ह्यांनी १९३० च्या दशकात तिबेटातून त्याच्या पोथ्या आणल्या.

जाहीररीत्या जात सांगितली म्हणजे बुद्धीचे काय होते, ह्याचा एक प्रयोगही झालेला आहे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे ह्यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या ६४२ मुलांना कागदावरच्या भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. निम्मी मुले सवर्ण, निम्मी चर्मकार. एका कोड्याला एक रुपया. जातीचा उच्चार झाला नाही तेव्हा दोन्ही गटांत फरक जवळजवळ नव्हता. दुसऱ्या गटात प्रत्येक मुलाचे नाव, बापाचे नाव, आजाचे नाव आणि जात मोठ्याने वाचून दाखवली आणि मग तीच कोडी दिली. चर्मकार मुलांची कामगिरी ठळकपणे घसरली. हा अभ्यास २००४ मध्ये आणि पुढे २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. सातारच्या शाळेत बाबासाहेब स्वतःचे गोणपाट घेऊन वेगळे बसत होते, हा 'बैठक व्यवस्थे'चा प्रश्न ज्या समाजाने सोडवला नाही तो आमच्या मुलांना गोल टेबलाची कोडी घालतो आहे.

विधाने आणि निष्कर्ष ह्या प्रकारच्या प्रश्नांच्या वर एक सूचना छापलेली असते: दिलेली विधाने सर्वज्ञात वस्तुस्थितीशी विसंगत असली तरी ती सत्य माना. सर्व टेबले घोडे आहेत; काही घोडे ढग आहेत; मग निष्कर्ष कोणता? परीक्षेपुरती ही सूचना रास्त आहे, कारण तीत निष्कर्षाची वैधता पाहायची असते. पण हीच सूचना ह्या देशात दोन हजार वर्षे लागू होती. पुरुषाच्या मुखातून एक वर्ण झाला आणि पायांतून दुसरा, हे विधान सत्य माना. आता निष्कर्ष काढा. निष्कर्ष वैध असतच. बाबासाहेबांनी विधानेच तपासायला घेतली. त्यांनी हिंदू धर्मातील कोड्यांचे जे हस्तलिखित मागे ठेवले ते महाराष्ट्र शासनाने १९८७ साली चौथ्या खंडात छापले, तेव्हा राम-कृष्णावरील परिशिष्ट वगळा म्हणून गदारोळ झाला. १९८८ च्या फेब्रुवारीत मुंबईत दलितांचा विराट मोर्चा निघाला आणि मजकूर टिकला. मात्र शासन ह्या मतांशी सहमत नाही, अशी टीप जोडून. गोल टेबलाचे कोडे घालायला कोणाची हरकत नसते.

म्हणून आमच्या अभ्यासिकांनी सराव सोडावा, असे नाही. सराव दुप्पट करावा. बार्टीसारख्या संस्थांच्या वर्गांतून आणि जयंतीच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या खोल्यांतून तो होतो आहे, त्यातून मुले लागत आहेत आणि त्या एका पगारावर तीन घरे उभी राहत आहेत. ह्या वस्तुस्थितीला नाक मुरडणारा कार्यकर्ता स्वतः पगारदार असतो, असे माझे निरीक्षण आहे. फक्त एक प्रश्नप्रकार आम्ही वर्गात जरा निराळ्या रीतीने घेतो. 'विधान आणि गृहीतक' हा तो प्रकार: विधानात न बोललेले पण मानलेले काय आहे, ते शोधायचे. पुस्तकातली विधाने रेल्वेची भाडेवाढ आणि साबणाच्या जाहिरातीविषयी असतात. आम्ही फळ्यावर लिहितो: 'आरक्षणामुळे प्रशासनाची कार्यक्षमता घसरते.' मग मुले गृहीतके काढतात. परीक्षेतले गुण हेच कामातले कौशल्य आहे, हे एक. आरक्षणापूर्वी प्रशासन कार्यक्षम होते, हे दुसरे. राखीव जागेवर आलेल्याने किमान पात्रताही ओलांडलेली नाही, हे तिसरे. त्यानंतर पुराव्याकडे वळायचे. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ ह्यांनी भारतीय रेल्वेच्या १९८० ते २००२ ह्या काळातील आकड्यांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध केला. अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचाऱ्यांचे प्रमाण वाढल्याने उत्पादकता घटल्याचा पुरावा त्यांना आढळला नाही. वरच्या श्रेणीतील पदांबाबत तर काही प्रमाणात उलट चित्र दिसले. फळ्यावरच्या विधानाचा असा निकाल लावायला एक तास पुरत नाही, दोन लागतात.

अशी साठ-सत्तर विधाने आतापर्यंत जमली आहेत. वर्तमानपत्रांचे अग्रलेख, पुढाऱ्यांची भाषणे, लग्नाच्या जाहिराती आणि शिक्षकांच्या खोलीतले बोलणे, अशा ठिकाणांहून घेतलेली. बँकेच्या परीक्षेच्या धर्तीवर पाच पर्याय देऊन त्यांची पुस्तिका करायची आहे आणि ती अभ्यासिकांना फुकट द्यायची आहे. आकृतींच्या प्रश्नांसाठी चित्रे काढून देणारा कोणी विद्यार्थी हवा आहे. आपल्या भागात ऐकलेली विधाने वाचकांनी संपादकांच्या पत्त्यावर पाठवावीत. ज्याने ती उच्चारली त्याचे नाव नको, गाव आणि साल पुरे.